हजेरीचा अंगठा

सभा घेण्यात माझा हात धरणारा ग्रामसेवक आमच्या तालुक्यात नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. बढाई म्हणा हवं तर. नोटीस कधी लावायची, दवंडी कोणत्या वेळेला द्यायची, कोणाला आधी चहा पाजला की तो सभेत आडवा जात नाही, सतरंज्या किती टाकल्या की गर्दी भरगच्च दिसते, हे सगळं मला पाठ होतं. विषय मांडला, हरकत विचारली, मंजूर म्हटलं, की पुढचा विषय. बायको म्हणायची, "तुम्ही सभा घेता का पंगत उठवता?" मी हसायचो. मला ती शाबासकी वाटायची.

मी मोताळा तालुक्यातल्या शेतकरी घरातला. आमच्या गावात चार माणसं पारावर बसली की पाच मतं निघतात, आणि सहावा येतो तो भांडण लावून जातो. ज्याला पटत नाही तो गप्प बसतच नाही, बाप्पा! त्यामुळे माणसं गप्प आहेत म्हणजे त्यांना पटलेलं आहे, असं माझं सरळ गणित होतं. तीस वर्षं ते चाललं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याच गणितानं एका बाईचं वाटोळं केलं. माझं काही बिघडलं नाही. मला निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला.

सातपुड्याच्या पायथ्याला, जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकाला, एक कोरकू पाडा माझ्या ग्रामपंचायतीत होता. पन्नास-साठ घरं, मूळ गावापासून पायी पाऊण तास. पाड्याला सामूहिक वनहक्काचा दावा करायचा होता. म्हणजे बापजाद्यांपासून ज्या जंगलातून मोहफुलं, तेंदूपत्ता, डिंक, जळतण आणलं, जिथं ढोरं चारली, ते जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क पाड्याच्या ग्रामसभेच्या नावानं कागदावर घ्यायचा. त्यासाठी जंगलाच्या हद्दीचा नकाशा लागतो, आणि तो नकाशा मान्य असल्याचा ग्रामसभेचा ठराव. सभेला पाड्यावरचे निम्मे मोठे लोक हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. काम किचकट, पण माझ्या हातचं. तालुक्यातून पहिला दावा आपलाच गेला पाहिजे, हे मी डोक्यात घेतलं.

पाड्याचा पटेल, म्हणजे मुखिया, सत्तरी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस होता. त्याच्या ओट्यावर बसून आम्ही तारीख काढली. बाजाराचा दिवस नको, कारण पाडा ओस पडतो. कापूस वेचायला खाली गेलेली माणसं परत आलेली पाहिजेत, आणि मोहफुलं पडायला लागायच्या आत सभा झाली पाहिजे, कारण एकदा मोह पडू लागला की बाया पहाटेपासून झाडाखाली असतात. एवढं सगळं जमवून एक दिवस काढला. मी खूश झालो. उठणार तेवढ्यात पटेल म्हणाला, "सायेब, दुसरी बैठक कवा धरता?"

"दुसरी कशाला?"

"आमच्यात दोन बैठका असतेत. पयल्या बैठकीत आयकतेत. मंग घरी जाऊन बोलतेत, बुढ्या मानसायले पुसतेत. दुसऱ्या बैठकीत सांगतेत. पयल्या दिवशी कोनी हाव म्हननार नाई, नाई बी म्हननार नाई. तुमी घाई करू नका."

मी म्हटलं, "हो हो, पटेलबाबा, करू ना." हे शब्द मला नीट आठवतात, म्हणून ते जास्त टोचतात. मला कोणी सांगितलंच नव्हतं, अशी सबब माझ्यापाशी नाही. सांगितलं होतं. माझ्या डोक्यात मात्र एवढंच आलं, की दोन बैठका म्हणजे दोनदा दवंडी, दोनदा निम्मे लोक गोळा करणं, दोनदा बाया मोजणं. कोण करत बसेल?

मग हद्द पाहायला गेलो. मी, एक वनरक्षक, पटेल आणि पाड्यावरचे चार म्हातारे. दिवसभर तंगडतोड झाली. म्हातारे पुढं, मी मागं धापा टाकत. हा कडा, ही पाणवठ्याची जागा, हे तेंदूचं रान, असं दाखवत दाखवत दुपार कलल्यावर एका नाल्यापाशी आलो. पलीकडे सागाची टेकडी होती. म्हातारे नाल्यात उतरले, हातपाय धुतले, आणि चूपचाप परत फिरले. मी विचारलं, "पलीकडचं काय? ते तुमचं नाही का?"

कोणी बोट केलं नाही, कोणी मान वर करून तिकडे पाहिलं नाही. पटेल म्हणाला, "चला आता, सायेब. ते बैठकीत बोलू."

मी नकाशावर नाल्यावर रेघ मारली. हद्दीला नाला मिळाला की कागद कसा सुबक होतो! वनरक्षकही म्हणाला, छान झालं. माणसं जिथं थांबली तिथं त्यांची हद्द संपली, इतकं मला कळत होतं. ती का थांबली, हे विचारायला मला एक मिनिट लागलं असतं.

त्या टेकडीवर त्यांची गेलेली माणसं होती. कोरकू माणूस गेला की पुढं कधीतरी, घरची तयारी झाली की, त्याच्या नावानं सागाचा कोरलेला खांब उभा करतात. त्यावर सूर्य-चंद्र असतात, घोड्यावर बसलेला माणूस असतो. तो खांब उभा होईस्तोवर गेलेला माणूस आपल्या आधीच्या माणसांत जाऊन बसत नाही, घराभोवतीच राहतो, असं ते मानतात. त्या पाड्याचे सगळे खांब नाल्यापलीकडच्या टेकडीवर. तिकडे उगाच जायचं नाही, बोट करायचं नाही, आणि परक्या माणसाला त्या जागेचं सांगायचं तर ज्या घरात सगळ्यात अलीकडे माणूस गेलं त्या घराला आधी विचारायचं, अशी त्या पाड्याची रीत. म्हणून म्हातारे गप्प राहिले होते. ते घर एका म्हातारीचं होतं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. खांब कोरून तयार होता, उभा करायचा बाकी होता. हे सगळं मला नंतर कळलं, तेव्हा कळून काही उपयोग नव्हता.

सभेचा दिवस उजाडला. अंगणवाडीसमोर मी मांडव घातला, माईक लावला, साहेब लोकांना खुर्च्या मांडल्या. कोरकू माणसं गोल करून भुईवर बसतात. मी त्यांना खुर्च्यांकडे तोंड करून ओळीत बसवलं. आणि हजेरीचं रजिस्टर मांडवाच्या तोंडाशीच ठेवलं. ही माझी खास पद्धत. सभा संपल्यावर सह्या मागाव्यात तर अर्धी माणसं उठून गेलेली असतात. म्हणून येतानाच सही घ्यायची, नाहीतर अंगठा. रजिस्टरची आधीची दोन पानं कोरी सोडायची, तिसऱ्यावर सह्या घ्यायच्या, आणि सभा झाल्यावर निवांत बसून कोऱ्या पानांवर ठराव लिहायचा. त्याखाली सह्या आधीच हजर! पुष्कळजण असंच करत. मला हे कोणी शिकवलं ते आठवतसुद्धा नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

म्हातारी आली ती काठी टेकत. बारीक अंगाची, पण डोळे मोठे तल्लख. मी तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला. तिनं विचारलं, "हे कायचं, सायेब?"

"हजेरीचं, माय. तू सभेला आली ना, त्याचं."

"हाव, आली ना मी. पायानं आली!" असं म्हणून ती हसली, आणि अंगठा मी जिथं टेकवला तिथं नीट दाबून धरला. नंतर मागं जाऊन बायांत बसली.

सभा मस्त झाली. मी नकाशा वाचला, हद्द वाचली. "पूर्वेला नाला," हे मोठ्यानं वाचलं. तेव्हा म्हातारीनं पटेलाकडे पाहिलं. पटेल जमिनीकडे पाहत होता. हे मी पाहिलं. अहो, पाहिलं मी! तीन वेळा विचारलं, "कोणाची हरकत?" मांडवात पान हललं नाही. मी म्हटलं, "मग सर्वानुमते मंजूर," आणि टाळ्या वाजवल्या. खुर्च्यांवरच्यांनी वाजवल्या. भुईवरच्यांनी आमच्याकडे पाहिलं.

लोक उठल्यावर पटेल जवळ आला. "सायेब, दुसरी बैठक पुढच्या बाजारानंतर धरतो."

"धरा ना. मी ठराव तेवढा लिहून ठेवतो."

दुसरी बैठक झाली. बाजारानंतर, भुईवर, गोल करून. पटेलानं कोतवालाच्या हाती मला निरोप पाठवला होता. मी गेलो नाही. त्या दिवशी मी बुलढाण्याला होतो, एका बैठकीत, आणि तिथं एक मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणत होते की सभा कशी घ्यावी हे यांच्याकडून शिका. मी मान खाली घालून लाजल्यासारखं केलं. फाइल आदल्याच दिवशी वर गेली होती.

त्या बैठकीत म्हातारी सगळ्यात आधी बोलली. "टेकडी सायबाले सांगा," असं तिनं म्हटलं. मग एकेक घर बोललं, आणि टेकडी नकाशात घ्यायची असं ठरलं. दोन दिवसांनी पटेल आणि दोन माणसं माझ्या ऑफिसात आली. उन्हातून चालत आली होती. पटेल म्हणाला, "सायेब, टेकडी ऱ्हायली."

माझं डोकं सणकलं. "त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली होती का सगळ्यांनी? तीनदा विचारलं मी! तीनदा! आता फाइल गेल्यावर आठवलं?"

पटेलाचा आवाज चढला नाही. "दोन बैठका सांगतल्या व्हत्या, सायेब."

त्यावर मी आणखी ओरडलो. माझा स्वभावच तसा आहे, चूक माझी असली की आवाज वाढतो. शेवटी, मागून पुरवणी जोडू, बघू, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. पाणी विचारायचंही राहिलं.

त्यांनी मग कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि वरच्या समितीकडे हरकत दिली. सुनावणी लागली. पटेल आला, चार-पाच माणसं आली, आणि म्हातारी आली. एवढ्या लांब, एसटीनं, ती आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी. समितीचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, मग रजिस्टर उघडलं. म्हणाले, "अहो, पण पूर्वेची हद्द नाला, असा तुमच्याच ग्रामसभेचा ठराव आहे. खाली तुमच्याच सह्या आहेत." त्यांनी म्हातारीला जवळ बोलावलं, नावापुढचा ठसा दाखवला. "बाई, हा अंगठा तुमचा का?"

ती वाकून पाहत राहिली. खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नसेल. "हाव," ती म्हणाली, "माहाच हाये."

साहेब माझ्याकडे वळले. "ठराव सभेत वाचून दाखवला, आणि मग सह्या घेतल्या. बरोबर ना?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. एवढंच. नाही साहेब, सह्या हजेरीच्या आहेत, ठराव मी दुसऱ्या दिवशी खोलीवर बसून लिहिला. पण माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. चौकशी लागली असती, पेन्शन अडकली असती, आणि ज्या साहेबांनी माझ्याकडून शिका म्हटलं होतं त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. खरं सांगायचं तर त्या वेळी पेन्शनपेक्षा हे शेवटचंच जास्त जड वाटलं. मी म्हटलं, "हो, साहेब."

बाहेर व्हरांड्यात म्हातारी माझ्याजवळ आली. आपला अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांनी चोळत होती. "सायेब, तो अंगठा कायचा व्हता?"

मी म्हटलं, "चल माय, बस निघून जाईन तुमची."

दावा मंजूर झाला. हद्द नाल्यापर्यंत. पाड्याला मोठं जंगल मिळालं हेही खरं आहे, ते मी नाकारत नाही; आज तिथली ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचं पाहते. पण पुढच्या वर्षी नाल्यापलीकडे वनखात्याचं रोपवन आलं, टेकडीला तारेचं कुंपण पडलं. आत जायचं तर परवानगी काढायची. खांब उभा करायचा म्हणजे दोन माणसांनी जाऊन खड्डा खणायचं काम नव्हे. अख्खा पाडा जातो, वाजतगाजत जातो, चुली पेटतात, जेवणं होतात. ते कुंपणाच्या आत कोण करू देणार? आणि लोखंडी फाटकातून विचारून आत जायचं, हे पटेलाला पटलं नाही. म्हातारीच्या नवऱ्याचा खांब घरातच राहिला.

मी निवृत्त झालो. बुलढाण्यात राहायला आलो. पेन्शन सुरू झाली तशी माझी हिंमत वाढली, पाहा कसा शूर माणूस! एक दिवस बसून सगळं लिहून काढलं: कोरी पानं, आधी घेतलेले अंगठे, सुनावणीतलं खोटं. बायकोला वाचून दाखवलं. तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "हे त्या म्हातारीले सांगतलं का?" मी म्हटलं, आधी कार्यालयात देतो. ती म्हणाली, "तुम्हाले कार्यालयच आधी सुचते." मी ते लेखी दिलं. कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. टेकडी परत हद्दीत येईल का, मला माहीत नाही. कोणाला विचारलं तर म्हणतात, पाहू.

गेल्या हिवाळ्यात मी पाड्यावर गेलो. पटेल तोवर वारला होता. म्हातारी दारात उन्हाला बसून तूर निवडत होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजावरून तिनं ओळखलं. "सायेब हाये ना? या, बसा." तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. आत, भिंतीला टेकून, खांब होता. स्वच्छ पांढरं कापड गुंडाळलेलं होतं. त्याच्या पायाशी एका वाटीत भात होता, ताजा.

मी तिच्यासमोर भुईवर बसलो आणि सांगून टाकलं. "माय, तो अंगठा हजेरीचा होता. नुसता हजेरीचा. ठराव मी मागून लिहिला. टेकडी तू नाही दिली, मी सोडली. साहेबासमोर मी खोटं बोललो."

सुपातले दोन खडे वेचून तिनं बाजूला टाकले.

"तवाच काऊन नाई सांगतलं?"

"भ्यालो, माय."

तिनं खांबाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मी तं त्याले सांगून बसली ना, सायेब. का तुही जागा मीच देल्ली, माह्या अंगठ्यानं देल्ली, मले माफ कर. रोज भात ठेवतो तवा रोज सांगतो. तीन वर्सं झाले." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता त्याले काय सांगू?"

मी म्हटलं, मी लेखी दिलंय, कागद वर गेलाय. ते बोलतानाच मला माझी लाज वाटली.

तिनं सूप बाजूला ठेवलं. भिंतीला धरून उठली, आत गेली, आणि खांबावरचं कापड हळूच सोडलं. सूर्य, चंद्र आणि घोड्यावरचा माणूस. सागाचं लाकूड घरातल्या धुरानं काळवंडलं होतं. तिनं भाताची वाटी जरा सरकवली आणि खांबासमोर माझ्यासाठी जागा केली.

"तुमीच सांगा त्याले," ती म्हणाली.

मी जाऊन बसलो. हात जोडले. ती माझ्या शेजारी बसून ऐकायची वाट पाहत होती.